सिस्टरांचा लिटर

"शू कधी झाली?"

नमस्कार, कशा आहात, आज ऊन फार आहे, असलं काही सिस्टरांच्या तोंडून मी फारसं ऐकलं नाही. सकाळी साडेसातला त्या जिना चढून यायच्या, चपला भिंतीला टेकवून उभ्या ठेवायच्या आणि दारात जे मूल दिसेल त्याच्या आईला हा प्रश्न विचारायच्या. मुलांपुरतं ठीक होतं. एकदा मे महिन्यात गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही त्यांनी तोच विचारला. सिलिंडर त्याच्या खांद्यावर तसाच राहिला.

"सकाळी," तो म्हणाला.

"आता एक वाजलाय. खाली ठेव ते. दोन ग्लास पाणी पी, मग जा."

तो प्यायला. त्यानंतर आमचा सिलिंडर कधी उशिरा आला नाही.

माझं पाळणाघर आहे, कात्रजच्या पुढे आंबेगावात, पहिल्या मजल्यावरचे दोन फ्लॅट एकत्र करून. तेव्हा अठरा मुलं होती, सांभाळायला दोन मावशी आणि मी. आईवडील बहुतेक हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतले. सकाळी कंपनीची बस पकडतात आणि संध्याकाळी किती वाजता परततील हे चांदणी चौकातल्या गर्दीलाच ठाऊक. मधले दहा-अकरा तास मूल माझं. लहान मुलं एकत्र आली की जुलाब हे आलेच. एकाला सोमवारी झाले की गुरुवारपर्यंत चौघांना. म्हणून अनुभवी बाई हवी होती. सिस्टर एका सरकारी रुग्णालयाच्या मुलांच्या वॉर्डातून निवृत्त झालेल्या. माहेर भवानी पेठेतलं, वडील घड्याळं दुरुस्त करायचे. आता कोंढव्यात मुलाकडे राहत होत्या आणि घरी बसून कंटाळल्या होत्या.

मुलाखत मी घेणार होते. त्या आल्या, खुर्चीत बसल्या नाहीत, थेट मागे जाऊन संडास बघून आल्या.

"अहो बाई, साबण एवढा वर का?"

"मुलं सांडतात म्हणून."

"मग हात कोण धुतं? तुम्ही?"

पगार ठरण्याआधी साबण खाली आला.

त्या मला शेवटपर्यंत 'बाई'च म्हणाल्या. मी त्यांना सिस्टर. मुलं 'शिश्टर' म्हणायची. रागावल्या की त्या आवाज चढवत नसत, उलट खाली आणत. आमच्या दोन्ही मावशी त्या खालच्या आवाजाला फार भीत. मीही भीत होते, पण मालकीण असल्यामुळे दाखवता येत नव्हतं.

जुलाबाचं त्यांचं शास्त्र चार वाक्यांत मावायचं. जुलाब थांबवायला धावू नका, गेलेलं पाणी भरा. जुलाब किती झाले याच्यापेक्षा शू किती झाली ते मोजा. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका. आणि चौथं, ज्यावर त्या अडून बसत: एक पाकीट, एक लिटर. कमी नाही, जास्त नाही.

पाकीट म्हणजे ओआरएसचं, मीठ-साखरेच्या पावडरचं. दुकानात खोक्यात मिळणारं फळाच्या चवीचं गोड पाणी एका बाबाने आणून दिलं, तेव्हा त्यांनी खोका उलटा-पालटा करून चष्मा वर करून वाचला आणि परत दिला. "हे तुम्ही प्या. बसमध्ये."

लिटर म्हणजे किती हे शिकलेल्या माणसाला ठाऊक नसतं, असं त्यांचं ठाम मत होतं. एका शनिवारी पालकांची सभा होती. त्यांनी टेबलावर पातेली मांडली आणि सगळ्यांना अंदाजाने एक लिटर पाणी ओतायला सांगितलं. सगळे इंजिनिअर, हसतहसत ओतलं. मोजलं तर एकाचं तीन पेल्यांइतकं, एकाचं दोन लिटरला टेकलेलं. हसणं थांबलं. मग त्यांनी अर्धा लिटरच्या दुधाची रिकामी पिशवी धुऊन आणली, दोनदा पाण्याने भरून पातेल्यात ओतली, आणि पाणी जिथवर आलं तिथे बाहेरून खिळ्याने रेघ ओढली. "आता डोकं लावायची गरज नाही." पुढच्या आठवड्यात प्रत्येकाने घरून एकेक पातेलं आणलं आणि त्यावर रेघ ओढून नेली. एका मुलाच्या आजी मात्र तणतणत आल्या. पातेलं त्यांच्या रुखवतातलं होतं.

"चांगल्या भांड्याचं वाटोळं केलंत!"

"आजी, नातू चांगला राहू दे. भांड्यात काय ठेवलंय?"

आजी गेल्या, पण दुसऱ्या दिवशी डब्यातून लाडू आले.

सिस्टरांचं औषधांशी वैर नव्हतं, पण अंदाजाने दिलेल्या औषधाशी होतं. एक बाबा सकाळी मुलाला सोडताना सहज म्हणाला की पोट बिघडल्यामुळे काल त्याने स्वतः जुलाब थांबवायची गोळी घेतली, बस चुकवायची नव्हती ना, आणि मुलालाही होत होते तर अर्धी त्यालाही दिली. सिस्टरांचा आवाज खाली आला.

"कोणाला विचारलंत?"

"नाही, म्हणजे... अर्धीच."

"तुमचं पोट तुमच्या जबाबदारीवर. ताप नसेल, रक्त पडत नसेल, तर डॉक्टरला विचारून काय ते घ्या. लेकराला ही गोळी द्यायची नसते. अर्धी नाही, पाव नाही. आज हिंजवडी तुमच्याशिवाय चालेल. याला घेऊन डॉक्टरकडे जा, आणि काय दिलंय ते सांगा."

तो गेला. लॅपटॉपची पिशवी आमच्याकडेच विसरून.

दुसऱ्या एकाच्या आजोबांचं म्हणणं, पोटाला विश्रांती द्यावी, दोन दिवस फक्त कोरा चहा. सिस्टर त्यांच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. त्यांच्यासमोर बसून नातवाला मऊ भात आणि दही कालवून भरवलं, चमच्याचमच्याने. नातू मिटक्या मारत होता. आजोबा म्हणाले, "याला भूक होती होय?" सिस्टर म्हणाल्या, "तुम्हालाही वाढू का?"

मूल उलटी करायला लागलं तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चमच्याने सुरू, आणखी हळू. डॉक्टरने झिंकच्या गोळ्या चौदा दिवस दिल्या असतील तर चौदाच दिवस. जुलाब थांबले की लोक तिसऱ्या दिवशी गोळी बंद करतात, म्हणून नवव्या दिवशी त्या प्रत्येक घरी फोन करायच्या. "आजची दिली?" एवढंच विचारून ठेवून द्यायच्या. आणि शौचात रक्त दिसलं, डोळे खोल गेले, सहा-आठ तास शू नाही, मूल मलूल झालं किंवा पोटात घोटभरही टिकेना, तर घरचे उपाय तिथेच संपले. "मग माझ्याशी बोलत उभं राहायचं नाही," त्या म्हणायच्या. "रिक्षा."

हे सगळं मी इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. ते आधी सांगून ठेवते, कारण आता जे सांगायचंय त्यात अज्ञानाची सबब मला नाही.

पाळणाघर सुरू केलं तेव्हापासून माझा एक नियम होता आणि त्याचा मला अभिमान होता: ज्याचं त्याच्या बाटलीत. एकाची वस्तू दुसऱ्याला नाही. चमचा, वाटी, पंचा, बाटली, प्रत्येकावर नाव. पालकांना हे फार आवडायचं. त्यांनीही तीच सवय लावून घेतली होती, इतकी की ओआरएसची पाकिटंही मुलाचं नाव लिहून पाठवायचे.

त्या एप्रिलमध्ये सिस्टरांच्या भाचीचं लग्न होतं. दुपारी येते म्हणाल्या. सकाळी राही आली, चौदा महिन्यांची. रात्रीपासून तीन वेळा पातळ झाली होती, पण खेळत होती. तिच्या आईची बस खाली उभी होती. आईने पिशवी दिली. आत बाटली, बाटलीवर 'राही', आणि दोन पाकिटं, त्यांवरही 'राही'.

पाणी त्या दिवशी आलं नव्हतं. टँकर अकराला येणार होता. प्यायचं गाळलेलं पाणी होतं, पण मोजकं. दुसऱ्या मावशी आल्या नव्हत्या. पाच मुलं एकदम रडत होती. मी राहीचं पाकीट फोडलं आणि राहीच्या बाटलीत ओतलं. बाटली पाव लिटरची. वरपर्यंत पाणी भरलं, हलवली, दिली. रेघेचं पातेलं समोर फळीवर होतं. मला ते दिसलंही असेल. पण सगळ्यांच्या सामाईक पातेल्यात राहीचं पाकीट घालायचं हे माझ्या नियमात बसत नव्हतं, आणि नियम माझ्या हाताला इतका बसला होता की डोकं मध्ये आलंच नाही.

तिने ती बाटली संपवली. तहान होती. तहान वाढली, म्हणून मी दुसरं पाकीट फोडलं.

साडेबाराला ती किरकिरायला लागली. खाली ठेवू देईना, उचलूनही घेऊ देईना. एक वाजता सिस्टर आल्या. जरीची ओढणी, हातावर ताजी मेंदी, कानात झुमके. मी त्यांना कधी असं बघितलं नव्हतं. त्यांनी मात्र मला बघितलंच नाही, राहीला बघितलं. अंगातलं पाणी किती गेलंय ते बघायला तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरली, सोडली.

"शू?"

"सकाळी. एकदा."

"काय दिलं?"

"ओआरएस."

"पाणी किती?"

आणि मी म्हणाले, "लिटर."

विचार करून खोटं बोलले असते तर आज बरं वाटलं असतं. तसं नव्हतं. त्या प्रश्नाचं तेच उत्तर असतं, म्हणून तोंडातून तेच आलं. ते बाहेर पडल्यावर मला कळलं की मी काय केलंय.

सिस्टरांनी बाटली उचलली. उरलेल्यातले चार थेंब तळहातावर घेतले, जिभेला लावले. ओआरएसची चव डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मावशी शेजारीच होत्या, म्हणून काही बोलल्या नाहीत. राहीला ओढणीत गुंडाळलं आणि जिना उतरल्या. मी मागोमाग.

रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "बाई, माझ्याशी खोटं बोललात, चाललं. डॉक्टरला चालणार नाही."

मी राहीचे पाय ओढणीत नीट गुंडाळले.

"रक्तातलं मीठ वाढलंय. ते हळूहळू खाली आणावं लागतं. नुसते जुलाब समजून त्याने भराभर सलाइन सोडलं, तर मेंदूला सूज येते. पोर आपल्या हातात राहणार नाही. कळतंय?"

कळत होतं. मला आणखीही बरंच कळत होतं. अठरा घरं, अकरा वर्षं, आणि त्या रस्त्यावर नव्याने उघडलेली, कॅमेरे लावलेली दोन पाळणाघरं.

"तुम्ही सांगाल का?" मी विचारलं. आजही ते वाक्य आठवलं की मला माझा राग येतो.

"मी नव्हते तिथे," सिस्टर म्हणाल्या.

रुग्णालयात डॉक्टर तरुण होता. हात चालवता चालवता प्रश्न विचारत होता. कधीपासून, किती वेळा, उलटी, ताप. मग म्हणाला, "ओआरएस दिलं का? बरोबर बनवलं होतं ना?" हो म्हणणं फार सोपं होतं. त्याने मान वर करून पाहिलंही नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "एक पाकीट पाव लिटरमध्ये. दीड बाटली प्यायली. मी बनवलं."

त्याचे हात थांबले. वॉर्डातली सिस्टर त्याला म्हणत होती की सलाइन तयार आहे, तर म्हणाला, "थांबा. आधी रक्त पाठवा, सोडियम बघू." मग त्याने मला सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं आणि लिहून घेतलं. एवढा वेळ राही आमच्या सिस्टरांच्या मांडीवर होती, आणि त्या तिच्या कानाशी काहीतरी अगदी हळू म्हणत होत्या. तो आवाज रागाचा नव्हता.

राहीच्या आईला पोचायला दोन तास लागले. ती धावत आली तेव्हा सिस्टर उठून बाजूला झाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी तिलाही सांगितलं. उभ्याउभ्या, जसं झालं तसं. ती ओरडेल, कदाचित मारेल, असं वाटलं होतं. तिने भिंतीला पाठ टेकली.

"पाकिटावर तिचं नाव लिहिलं होतं मी," ती म्हणाली. "नावाऐवजी पाण्याचं माप लिहायला हवं होतं." मग आत गेली.

संध्याकाळी डॉक्टरने सांगितलं की मीठ उतरायला लागलंय, हळूहळू, तसंच हवंय. आम्ही बाहेर रस्त्यावर आलो. सिस्टर एकदम थांबल्या. "अरे देवा. पुलाव."

लग्नातून माझ्यासाठी त्यांनी वेगळा शाकाहारी पुलाव बांधून आणला होता. तो डबा रिक्षातच राहिला होता.

"तुम्ही मला ओरडला का नाहीत?" मी विचारलं.

"ओरडले असते तर पुढच्या वेळी लपवलं असतंत," त्या म्हणाल्या. "वॉर्डात बघितलंय मी. जी पोरगी चुकीबद्दल फार बोलणी खाते ना, ती शहाणी होत नाही, हुशार होते. चला, काही खाल्लं नाहीये तुम्ही." आणि समोरच्या गाडीवर मला इडली खायला लावली. जरीच्या ओढणीत उभ्या राहून, गाडीवाल्याला चटणीचं पाणी उकळलेलं आहे का, हे विचारून. नाही म्हटल्यावर चटणी बाजूला काढून.

राही तिसऱ्या दिवशी घरी गेली. ठणठणीत झाली. आमच्याकडे परत आली नाही, त्यात नवल नाही.

मला वाटलं, संपलं. सोमवारी सिस्टर चपला भिंतीला लावता लावता म्हणाल्या, "बाकीच्यांना कधी सांगणार?"

"बाकीच्यांना कशाला?"

"त्यांच्याही घरात बाटल्या आहेत."

शनिवारी सभा बोलावली. मी सांगितलं. सिस्टर मागे उभ्या राहून चहा देत होत्या, जणू माझ्या घरचं केळवण आहे. महिनाभरात पाच मुलं गेली. उरलेल्यांपैकी तिघांच्या आया मला हळूच येऊन म्हणाल्या की त्याही तसंच करायच्या. अर्धं पाकीट, पेलाभर पाणी, उरलेलं अर्धं संध्याकाळी. रेघेचं पातेलं घरात होतं, त्यात कढी होत होती.

नाव लिहिलेली पाकिटं तेव्हापासून बंद. सकाळी लागेल तसं एका पातेल्यात लिटरभर करायचं, त्यातून प्रत्येकाच्या बाटलीत ओतायचं, आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. ते पहिल्यांदा केलं तेव्हा सिस्टरांनी मला करायला लावलं, मावशींच्या देखत. चव घेतली. "हं," म्हणाल्या. त्यांच्याकडून 'हं' मिळणं सोपं नव्हतं. माझ्या माहितीत मला ते एकदाच मिळालं.

त्यानंतर त्या आणखी अडीच वर्षं आल्या. गुडघे दुखायला लागल्यावर जिन्यात दोनदा थांबायच्या, आणि कुणी हात द्यायला गेलं की त्याच्याच तब्येतीची चौकशी करायच्या. मागच्या पावसाळ्यात एका शुक्रवारी बरं वाटत नाही म्हणून आल्या नाहीत. घरी दुपारची नमाज झाल्यावर जरा पडते म्हणाल्या, त्या उठल्याच नाहीत. कोंढव्याला गेले. बायकांनी भरलेल्या खोलीत एका कोपऱ्यात राहीची आई बसली होती. आम्ही एकमेकींना बघितलं. तिने सरकून मला जागा दिली. तासभर शेजारी बसलो.

गेल्या महिन्यात एक नवीन जोडपं चौकशीला आलं, दहा महिन्यांची मुलगी घेऊन. मी खेळायची खोली दाखवली, स्वयंपाकघर दाखवलं, वेळा सांगितल्या. मग राहीची गोष्ट सांगितली. आता मी ती पहिल्याच भेटीत सांगते, आणि ती सांगायला कुणी माझ्याकडे बघत उभं राहावं लागत नाही. काही जण ऐकून जातात. हा नवराही उठला, नम्रपणे म्हणाला, "बरं, आम्ही कळवतो," आणि दाराशी जाऊन वाकून बूट घालायला लागला.

बायको बसलेलीच होती.

"त्या सिस्टर आहेत का अजून?"

"नाहीत. गेल्या."

"मग आता मुलं आजारी पडली तर कोण बघतं?"

"मी," मी म्हणाले.

नवऱ्याचा एक बूट घालून झाला होता. दुसरा हातात धरून तो तिच्याकडे बघत राहिला.